दहा दिवसांचे विपश्यना शिबिर : चिंतन कोणते आणि कुढणे कोणते?

सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ पासून भारतात शिकवलेल्या विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर मी गेल्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या एका केंद्रावर पूर्ण केले. मनःशांतीची मोठी अपेक्षा घेऊन मी गेलो नव्हतो. माझा प्रश्न फार मर्यादित होता. आईच्या शेवटच्या आजारपणात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे राहून गेले, आणि पुढची दोन वर्षे तोच विचार माझ्या डोक्यात होता. बायको म्हणे, किती उगाळत बसाल. मी म्हणे, झाल्या गोष्टीचे चिंतन करतो आहे. आमच्यापैकी कोणाचे खरे, हे मला प्रामाणिकपणे ठरवता येत नव्हते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. शुल्क काहीच नाही. शिबिर पुरे केल्यावर ज्याला इच्छा असेल त्याने दान द्यावे. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात, आणि मधल्या वेळात दहा तासांहून अधिक बैठक असते. जेवण साधे आणि सात्त्विक असते. नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि थोडे खायला मिळते, त्यानंतर काही नाही. फोन, पुस्तके, वही, पेन सर्व काही जमा करावे लागते आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी शब्दाने वा खुणेनेही न बोलणे, पाळावे लागते. वही नसण्याचा मला सर्वाधिक राग आला होता, आणि नंतर सर्वाधिक उपयोगही त्याचाच झाला.

हे शिबिर चिंतन शिकवत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पहिले तीन दिवस श्वासावर लक्ष ठेवायचे, चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदना पाहायच्या, आणि विचार आला की त्याच्या मागे न जाता परत फिरायचे, एवढेच काम असते. संध्याकाळच्या ध्वनिमुद्रित प्रवचनात श्रुतमयी, चिंतनमयी आणि भावनामयी अशा तीन प्रज्ञा सांगितल्या जातात; त्यांत चिंतनाला ऐकीव ज्ञानाच्या वरची, पण स्वानुभवाच्या खालची जागा दिलेली आहे.

तरीही माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडले, आणि ते प्रवचनापेक्षा घंटेने दिले. सहाव्या दिवशी ध्यान सोडून मन दोन विषयांकडे धावत होते : एक आईचा, आणि दुसरा गावाकडच्या घराच्या वाटणीचा. वाटणीचा विचार चालू असताना घंटा झाली, की तो तिथेच राही आणि मी निमूटपणे जेवायला जाई. दुसऱ्या दिवशी तो आला तर थोडा पुढे सरकलेला असे, कारण मधल्या काळात भावाची बाजू मला सुचलेली असे. आईचा विचार मात्र घंटेला जुमानत नसे. तो ताटावर माझ्यासोबत बसे, त्याचे शब्द तेच, शब्दांचा क्रमही तोच, आणि तो येण्याआधी माझा जबडा आवळला जाई. गायीच्या रवंथाने निदान चारा पचतो; हा मात्र कोळसा उगाळण्याचा प्रकार होता.

मानसशास्त्रातही हा भेद मान्य आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, तेच ते विचार उगाळण्याची सवय मोजणाऱ्या आपल्याच प्रश्नावलीची फेरतपासणी करून त्यातून कुढणे आणि चिंतन असे दोन वेगळे घटक काढले, आणि त्यांपैकी कुढण्याचाच नैराश्याशी अधिक घट्ट संबंध त्यांना आढळला.

उणीव सांगायची तर दुपारी आचार्यांना भेटण्याचा वेळ प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटे मिळाला, आणि माझ्या प्रश्नावर श्वासाकडे परत जा, एवढेच उत्तर आले. दुःख ताजे असेल, किंवा तोच विचार आवरण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर हे मौन अंगावर येऊ शकते. अशा व्यक्तीने आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सरकारी मदतवाहिनी विनामूल्य आहे. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नये. शिबिर म्हणजे उपचार नव्हे, आणि ज्यांना विचार करण्याची शिस्तच शिकायची आहे त्यांची इथे निराशा होईल. माझ्यासारख्या, स्वतःलाच फसवण्याइतपत शब्द जवळ असलेल्या माणसाला मात्र मी हे शिबिर सुचवीन.

घरी परतल्यावर त्याच रात्री मी दहा दिवस साठवलेले सर्व काही लिहायला बसलो. वाटणीचा मजकूर दीड पान झाला आणि शेवटी भावाला कधी फोन करायचा, हेही त्यात आले. आईविषयी लिहायला घेतले तेव्हा एकच वाक्य उतरले, आणि ते लिहून झाल्यावर खाली लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. बायकोने ते वाचले आणि ती काही बोलली नाही.