थेट बायोप्सी की आधी एमआरआय?

रक्तातलं पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन) वाढून प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका आली की पूर्वी एकच वाट होती: बायोप्सी. गुदमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब घालून प्रोस्टेटचे 10-12 तुकडे काढायचे. स्प्रिंगची सुई खट्कन सुटते, पण ती गाठीतच शिरेल याची खात्री नसते. शिवाय लघवीतून रक्त, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच.

एमआरआयमध्ये अर्धा-पाऊण तास ठकठकाटात न हलता पडून राहावं लागतं. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. संशयित जागेला 1 ते 5 गुण मिळतात; गुण जास्त, तितकी कर्करोगाची शंका जास्त.

ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात (2017) 576 पुरुषांच्या दोन्ही तपासण्या झाल्या. उपचारांची खरी गरज असलेला कर्करोग एमआरआयने 93 टक्के, तर जुन्या बायोप्सीने अवघा 48 टक्के पकडला. हा फरक मला फार मोठा वाटतो. माझ्या घरच्यांसाठी मी आधी एमआरआयच मागेन. मात्र तो खोटी शंकाही बरीच काढतो, त्यामुळे निदानावर शिक्कामोर्तब तुकडाच करतो. फक्त आता सुईला नेम मिळतो.

आणि क्रम सुई टोचण्याआधीच ठरवा: बायोप्सीनंतर आत साकळलेल्या रक्तामुळे एमआरआयचं चित्र काही आठवडे गढूळ येतं.