मर्यादित संख्येतली स्पोर्ट्स कार: मिळताच विकावी की ठेवावी?

कंपनीच्या खरेदीदारांच्या यादीत तुमचं नाव लागलंय, गाडी अजून हातात यायची आहे आणि मूळ किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजायला कुणीतरी तयार आहे. मोह होणं साहजिक आहे. माझा कौल आधीच सांगतो: चालवायची हौस असेल तर ठेवा. निव्वळ नफ्यासाठी घेणार असाल, तर गणित दिसतं त्यापेक्षा बरंच नाजूक आहे.

नाजूक अशासाठी, की भावाची किल्ली कंपनीच्या हातात असते. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर काढली: फक्त ९९१ गाड्या, चार लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स. अमेरिकेत मूळ किंमत १,८४,९०० डॉलर होती, पण बाजारात विकणारे दहा लाख डॉलरच्या घरात किंमत मागू लागले. पुढच्याच वर्षी कंपनीने ९११चीच जीटी३ टूरिंग आणली. तीही चार लिटर आणि मॅन्युअल, पण संख्येचं बंधन नाही. ९११ आरचे भाव उतरले. सुरुवातीलाच विकून मोकळे झालेले कमावून गेले; चढ्या भावात घेणाऱ्यांना फटका बसला.

शिवाय आता कंपन्या सावध झाल्या आहेत. फोर्ड जीटी घेणाऱ्याला दोन वर्षं न विकण्याचा करार करावा लागे. तो मोडल्याबद्दल कंपनीने २०१७ मध्ये कुस्तीपटू जॉन सीनावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. पोर्शेने ९११ एस/टी अमेरिकेत पहिलं वर्षभर भाडेकरारावरच दिली, म्हणजे तोवर विकताच येऊ नये. आणि कागदावर नसलेली शिक्षा वेगळीच: पुढच्या खास गाडीच्या वेळी यादीत नाव न येणं. मला तर हेच नुकसान सर्वांत मोठं वाटतं.

ठेवणाऱ्यांचंही सगळं गोड नसतं. मॅकलारेन एफ१ नावाच्या सुपरकार एकूण १०६ बनल्या. त्यातली एक २०२१ मध्ये लिलावात दोन कोटी डॉलरवर गेली. पण ती जेमतेम ३९० किलोमीटर चाललेली होती, म्हणजे मालकाने गाडीचं सुख घेतलंच नाही म्हणायचं! उलट टोकाला जॅग्वार एक्सजे२२०. ५० हजार पौंड अनामत भरून लोक रांगेत उभे राहिले. गाडी तयार होईपर्यंत मंदी आली, कबूल केलेल्या व्ही१२च्या (बारा सिलिंडर) जागी व्ही६ (सहा सिलिंडर) इंजिन आलं, अनेकांना गाडी नकोशी झाली आणि काही प्रकरणं कोर्टात गेली. लेक्सस एलएफए ५००च बनल्या, तरी काही वर्षानुवर्षं शोरूममध्ये पडून होत्या. आज त्याच गाड्या मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या जातात. इतका धीर तुमच्याकडे आहे का, याचा विचार करा.

ठेवण्याचा खर्चही धरा. विमा, कोरडं गॅरेज, सर्व्हिस. उभ्या गाडीचेही टायर कडक होतात, इंजिनमधले रबरी सील सुकतात. म्हणून ठेवायचीच तर अधूनमधून चालवाच. किलोमीटर वाढले की भाव थोडा कमी येईल, पण नियमित सर्व्हिसचे कागद असलेली चालती गाडी जाणकार खरेदीदाराला आवडते.

पैशांची लवकर गरज पडू शकते, किंवा कर्ज काढून गाडी घेताय? मग ठेवण्याच्या भानगडीत पडू नका; न विकण्याच्या कराराची मुदत संपताच, त्याच कंपनीच्या डीलरला आधी विचारून विका. आणि सही करण्यापूर्वी एक गोष्ट लेखी घ्या: ती मुदत सहीच्या दिवसापासून मोजतात की गाडी ताब्यात आल्यापासून.