राहायला येऊन काही महिने झाले, आता एजंटबद्दल

एजंटबद्दलचं मत किल्ल्या हातात पडल्या त्या दिवशी लिहू नये. त्या दिवशी सगळेच एजंट देवमाणूस वाटतात. नव्या घरात एक पावसाळा काढला, देखभालीची बिलं भरली, वरच्या मजल्यावरच्यांची ओळख झाली, म्हणून आता लिहितोय. आमच्या एजंटबाईंचं कमिशन वसूल झालं. फक्त ज्या कामासाठी त्यांना नेमलं होतं, त्या कामात नाही.

घरं काय, ऑनलाइन सगळीच दिसतात. एजंट हवा होता तो घरं आतून बघायला मिळावीत आणि भाव पाडून मिळावा म्हणून. भावाचं काम बाईंनी बेताचंच केलं. मालक जेवढा खाली आला, तेवढा आम्ही स्वतः बोललो असतो तरी आला असता. खरा फायदा झाला तो त्यांनी ‘नको’ म्हटलेल्या घरांमुळे.

एक कोपऱ्यातला फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. भरपूर उजेड, नुकताच दिलेला रंग. बाई हॉलमध्ये थांबल्याच नाहीत. थेट बाथरूममध्ये जाऊन सगळे नळ एकदम सोडले, फ्लश केला आणि धार किती बारीक होते ते बघत उभ्या राहिल्या. मग बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला, अगदी खाली, तळहात टेकवला. तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित गडद होता. “एवढाच पट्टा दोनदा रंगवलाय. का, ते मालकांना विचारा.” मालकांनी विषय बदलला. सौदा तिथेच बारगळला आणि त्याबरोबर बाईंचं कमिशनही.

याचं अप्रूप अशासाठी, की कमिशनचं गणितच खरेदीदाराच्या विरोधात असतं. घर महाग मिळालं तर एजंटला जास्त कमिशन, आणि सौदा लवकर उरकला तर त्याची पायपीट कमी. विकणाऱ्याचंही फार भलं होतं असं नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्रींची आकडेवारी तपासली होती. २००८ साली आलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की एजंट स्वतःचं घर विकताना ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त भाव मिळवतात. गिऱ्हाइकाच्या घराला मात्र ‘आलेली ऑफर घेऊन टाका’. वाढीव भावातला जो चिमूटभर हिस्सा एजंटच्या वाट्याला येतो, त्यासाठी आणखी खपणार कोण?

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही एकच प्रश्न लावून धरला: या सौद्यात तुम्हाला पैसे फक्त आम्ही देणार, की समोरचाही? आधीच्या एका एजंटचं उत्तर होतं, “तुम्ही घर बघा हो, ते होतं सगळं ॲडजस्ट.” पुढे बोलणीच्या वेळी आम्ही तोंड उघडायच्या आत मालकाने आमच्या बजेटचा वरचा आकडा बरोब्बर सांगितला. दोन्हीकडून कमिशन घेणं सगळीकडे बेकायदा नाही. काही देशांत दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने चालतं. पण असा माणूस तुमच्यासाठी घासाघीस करेल ही आशा सोडा. बाईंनी कमिशन किती, कधी द्यायचं, सौदा फिसकटला तर काय आणि कराराची मुदत किती, हे एका पानावर लिहून दिलं. लांबलचक मुदतीचा करार कोणी पहिल्याच भेटीत पुढे केला, तर पेन खिशातच राहू द्या.

त्यांनी सुचवलेला वकील आम्ही घेतला नाही. एजंटकडून ज्याला कामं येतात, तो एजंटचा सौदा मोडायला कचरणारच. आमच्या वकिलाने एक जुनी भानगड काढली: मालकाचं कर्ज फिटलं होतं, पण घरावरचा बोजा नोंदीतून उतरवलेलाच नव्हता. तो उतरेपर्यंत व्यवहार रखडला. बाईंनी एकदाही ‘टोकन तरी देऊन ठेवा’ म्हटलं नाही.

आता तक्रारी. संध्याकाळी फोन उचलत नाहीत. फोटो इतके अंधारे, की खिडकी कुठे आणि कपाट कुठे कळत नाही. ‘पार्किंग आहे’ एवढंच सांगितलं. ते खांबाला चिकटून आहे आणि गाडी लावली की ड्रायव्हरचं दार अर्धंच उघडतं, हे राहायला आल्यावर समजलं.

उलट लिफ्टचं त्यांनी अचूक सांगितलं होतं. इमारतीच्या जुन्या बैठकांची इतिवृत्तं मागवून, त्यातला लिफ्ट बदलण्याचा वारंवार पुढे ढकललेला विषय त्यांनी पेन्सिलने खुणावून दिला होता. गेल्या महिन्यात त्याची वर्गणी लागली. पैसे बाजूला काढलेलेच होते.

पुढेमागे विकायचं झालं तर याच बाईंकडे द्यायचं का, असं बायको विचारते. घेण्यासाठी पुन्हा याच. विकण्यासाठी मात्र दिवे लावून फोटो काढणारा आणि संध्याकाळी फोन उचलणारा कोणीतरी बघू.