लिटर्जिकल इयर बॉक्स घ्यावा का? सातव्या महिन्यातून लिहिलेला रिव्ह्यू

लिटर्जिकल इयर म्हणजे चर्चचं सणांचं वर्ष, ते घरी मुलांबरोबर पाळायचं साहित्य या बॉक्समध्ये येतं. गेल्या नोव्हेंबरात हा बॉक्स ऑनलाईन मागवला, १,८५० रुपये, कुरियर वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे. आता वर्ष होत आलं, सगळं वापरून झालं, म्हणून लिहितेय. मी मूळची वसईची, लग्न करून गोव्यात आले, म्हापशाजवळ राहतो आम्ही, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाचचा, दोघं घरीच शिकतात (हो, परीक्षा एनआयओएस या मुक्त शाळा मंडळातून, नाही, ती एकटी पडत नाहीत, त्यांना मित्र आहेत, पुढचा प्रश्न). आणि जानेवारीत तिसरं येतंय.

बॉक्समध्ये भिंतीवर लावायचं कापडी चक्र, त्याला फिरणारा काटा, आगमनकाळाच्या (नाताळाआधीचे चार रविवार) चार मेणबत्त्या, संतांची कार्डं, कापून शिवायची फेल्टची खंडीभर पाखरं-तारे-मेंढ्या, एक जाडजूड क्राफ्टचं पुस्तक आणि तळाशी एक पातळ पुस्तिका, घरी बाळ येणार असेल तर वर्ष कसं साधं ठेवायचं याची. ती पुस्तिका मी तेव्हा सरळ ड्रॉवरमध्ये टाकली, म्हटलं आपलं झालंय ते सगळं. मे महिन्यात शोधून काढली. नवरा अजून हसतो.

आधी चक्राबद्दल, कारण ते खरंच छान आहे. चर्चचं वर्ष जानेवारीत नाही तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, हे मुलांना शंभरदा सांगून कळलं नसतं ते काटा फिरवून कळलं. जांभळा, मग नाताळचा पांढरा, थोडा हिरवा, परत इस्टरआधीच्या उपवासकाळाचा जांभळा, इस्टरचे पन्नास दिवस पांढरा, त्यांच्या शेवटी पेंटेकॉस्टला लाल आणि मग हिरवा हिरवा हिरवा. रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलं की मुलगा पहिल्यांदा फादरांच्या झग्याचा रंग बघतो आणि घरी आल्यावर चप्पल न काढता काटा तपासतो, जुळला नाही तर फादर चुकले असं त्याचं मत. जुलैत तर बाहेर शेतं हिरवी, अंगण हिरवं, भिंतीवर चक्र हिरवं, मला कसलीही तयारी नाही, आणि उलट्या चालू असताना तेच हवं होतं.

आता कुरकुर. मेणबत्त्या तीन जांभळ्या, एक गुलाबी अशा हव्यात, गुलाबी तिसऱ्या रविवारची. माझ्या पाकिटात चारही जांभळ्या निघाल्या. मेल केला, उत्तर नऊ दिवसांनी आलं, तोपर्यंत तिसरा रविवार होऊन गेला होता. आम्ही साध्या पांढऱ्या मेणबत्तीला मुलीच्या केसांची गुलाबी रिबीन बांधली आणि पेटवायच्या आधी वरून खाली सरकवली, बस. फेल्टचं काम मी डिसेंबरात हौसेने केलं, रात्री बारापर्यंत, आणि तो सगळा ऐवज जूनमध्ये बुरशीने खाल्ला. ज्यांनी हा बॉक्स डिझाईन केला त्यांनी गोव्याचा पाऊस पाहिलेला नाही. पुठ्ठ्याची गाय फुगून डुकरासारखी दिसायला लागली होती. इकडे घेणार असाल तर मे संपायच्या आत सगळं हवाबंद डब्यात टाका, सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा, मी औषधांच्या बाटल्यांतल्या पण काढून ठेवते आता.

दुसरी तक्रार कार्डांची. बर्फातले संत भरपूर, पण १६ जानेवारीला कार्डच नाही! संत जोसेफ वाझ, बाणावलीचा आपला माणूस, १६५१चा जन्म, श्रीलंकेत कँडीला वारला, २०१५ला पोप फ्रान्सिसनी कोलंबोत संत केला, आणि कार्ड नाही. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया पण नाहीत, जे १५९७ला नागासाकीला क्रुसावर गेले. मुलीने दोन्ही कार्डं स्वतः काढली, जोसेफ वाझच्या डोक्यावर टोपी काढलीय, कँडीला थंडी असेल म्हणे.

आणि क्राफ्टचं पुस्तक. दर आठवड्याला काहीतरी भाजा, शिवा, चिकटवा. १३ डिसेंबरला संत लुसीसाठी मुलीच्या डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट, नाही हो, आमच्याकडे केसाला खोबरेल तेल असतं. मांय (माझी सासू) एकदा ते पुस्तक चाळून म्हणाली, "कित्याक गो इतलें सगळें?" बरोबर आहे तिचं. इथे निम्मं वर्ष वाड्यावरच साजरं होतं. मे महिन्यात खुरसाजवळ (वाड्यावरच्या क्रुसाजवळ) लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, नंतर उकडलेले चणे, मुलं ते चणे खायलाच जातात आणि जाता जाता लादाईन पाठ होते. डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त (संताचा सण), ३ तारखेला. मग पणजीचं ८ तारखेचं. ऑगस्टात नवीन कणसांचा आशीर्वाद. पोटुशी बाईने फक्त खुर्ची घेऊन बसायचं.

पण ती पातळ पुस्तिका. तिच्यासाठी पूर्ण पैसे वसूल म्हणेन मी. पहिल्याच पानावर एक पट्टी आहे, २५ मार्चपासून २५ डिसेंबरपर्यंत, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपापासून येशूच्या जन्मापर्यंत नऊ महिने, आणि खाली दुसरी कोरी पट्टी तुमच्या बाळासाठी. मी रविवारी चर्चमध्ये वाचन करणारी बाई, पण मार्चातला तो सण आणि नाताळ यांच्यामध्ये बरोबर नऊ महिने आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पुढे लिहिलंय, वर्षभरात पाच-सहाच दिवस निवडा, प्रत्येकाला एक मेणबत्ती, एक उतारा, एक खाऊ, आणि दमलात तर खाऊ पण नको. ३१ मे, मरिया एलिझाबेथला भेटायला जाते, दोघी पोटुशा. त्या दिवशी मी बाथरूमच्या दारात बसून होते, मुलीने लूकचा पहिला अध्याय अडखळत वाचला, सगळ्यांनी कोकम सरबत प्यायलं, झाला सण. कोकम पोटात राहिलं, हे विशेष.

मग २४ जून. पुस्तिकेत नुसतं "योहानाचा जन्म" एवढंच, शेकोटी पेटवा म्हणे, जूनमध्ये! पण इथे त्याच दिवशी सांजांव, म्हणजे योहानाचंच फेस्त. डोक्यावर वेली-फुलांची कोपेलां घालून माणसं विहिरीत उड्या मारतात ते का, तर मरिया भेटायला आल्यावर एलिझाबेथच्या पोटात बाळाने, म्हणजे योहानाने, उडी मारली म्हणून. मुलाने हे ऐकलं आणि माझ्या पोटाला तोंड लावून ओरडला, "उडी मार!" दहाव्या आठवड्यात कसली उडी. ती लागली सप्टेंबरात, मोंती सायबिणीच्या (मरियेच्या जन्माच्या सणाआधीच्या) नऊ दिवसांच्या नोव्हेनाला, मुलं फुलं घेऊन पुढे आणि मी शेवटच्या बाकावर, लाथ बसली ती बरोबर गाण्याच्या वेळी.

१६ ऑक्टोबरला संत जेरार्ड मायेला, गरोदर बायकांचा संत, त्याची छोटी प्रार्थना छापलीय ती फ्रिजवर लावली, अजून आहे. आणि मला सगळ्यात आवडलेलं पान पुढच्या महिन्याचं आहे, १७ ते २३ डिसेंबर, सात संध्याकाळी "ओ" ने सुरू होणारी सात वाक्यं, दिवे मालवून रोज एक म्हणायचं. मध्येच १८ला मरियेचा वाट बघण्याचा जुना सण, पोर्तुगीज तिला त्या "ओ" वरून नोस्सा सेन्योरा दो ओ म्हणायचे, मूर्तीत तिचा हात पोटावर असतो. तेव्हा मी आठव्या महिन्यात असेन, मला "ओ" म्हणायला शिकवायची गरज पडणार नाही. नेवऱ्या, दोदोल ही नाताळची गोडं यंदा वाड्यावरच्या बायकांकडून विकत, येशूजन्माचा गोठा नवरा आणि शेजारची पोरं करतील.

नावावरून घरात निवडणूक चालू आहे. तारीख २० जानेवारीच्या आसपास, त्या दिवशी संत सेबास्त्यांवचा सण, दुसऱ्या दिवशी संत आग्नेस म्हणजे आपली सांत इनेज. मुलगा सेबास्त्यांववर अडून बसलाय कारण चित्रात त्या संताच्या अंगात बाण असतात.

सगळं इंग्रजीत आहे, हा अजून एक मायनस, मी मराठीत सांगते, मांय कोंकणीत सांगते, मुलं तिन्ही मिसळतात. स्टार तीन, त्यातले अडीच पुस्तिका आणि चक्राचे. त्यांच्याकडे आता पुस्तिका नुसती पीडीएफ म्हणून २५०ला मिळते असं दिसलं, दिवस गेलेले असतील तर तेवढीच घ्या आणि चक्र घरी जुन्या चादरीवर रंगवा. अख्खा बॉक्स घेतलाच तर आल्या आल्या पाकीट फोडून गुलाबी मेणबत्ती आहे का ते बघा.