पहिली जोडी कोणती आणाल: क्लाउनफिश की बांगाई कार्डिनल?

टाकीची सायकल पूर्ण झाली, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होऊन विषारी अमोनिया शून्यावर आला, आता माशांची पहिली जोडी कोणती? बडोद्यात खाऱ्या पाण्याची टाकी लावणारी आमच्या ओळखीतली मंडळी हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा निवड बहुधा दोघांवर येऊन ठेपते. एक केशरी-पांढरा क्लाउनफिश, दुसरा चंदेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला बांगाई कार्डिनल. दोघेही बोटाएवढे, दोघेही उथळ पाण्यातले. मी दोन्ही पाळले आहेत आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्यांदा क्लाउन.

दुकानात क्लाउन म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ऑसेलारिस. अंदमानपासून फिलिपिन्स आणि वायव्य ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. समुद्रात तो ॲनिमोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी, सोडून लांब जात नाही. ॲनिमोनच्या डंखाने इतर मासे लुळे पडतात, याला मात्र अंगावरच्या चिकट थरामुळे बाधा होत नाही. एका ॲनिमोनमध्ये एक मोठी मादी, तिचा नर आणि काही लहान मासे असं कुटुंब नांदतं. जन्मतः मादी कुणीच नसते. मादी मेली की तिचा नरच मादी बनतो आणि लहानांतला सर्वांत मोठा नराच्या जागी येतो.

खरेदी सोपी होते ती याच गोष्टीमुळे. दोन लहान पिल्लं आणा, एक जरासं मोठं. मोठं आपोआप मादी होईल. थोड्या दिवसांत लहान मासा मोठीसमोर अंग तिरकं करून थरथरताना दिसेल. तो आजारी नाही, तिला शरण जातोय. त्यानंतर भांडण बहुधा मिटतं. बांगाईत असं काही नाही. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, आणि दोन नर एकत्र आले तर एक जण दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून उपाशी मारतो. दुकानातल्या घोळक्यातून आपापली वेगळी होऊन जवळजवळ फिरणारी जोडी दिसली तरच घ्यावी.

ॲनिमोन मात्र लगेच आणू नका. क्लाउनला टाकीत त्याची गरज नसते, आणि नव्या टाकीत ॲनिमोन जगवणं कठीण.

आता बांगाईबद्दल, कारण या माशावर माझा जीव आहे. इंडोनेशियात सुलावेसीजवळ बांगाई बेटं आहेत, मूळचा तो फक्त तिथला. सी अर्चिन या गोलसर समुद्री प्राण्याच्या लांब काळ्या काट्यांमध्ये तो लपतो. त्याचे उभे काळे पट्टे त्या काट्यांत मिसळून जातात. 1933 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, पण जगाचं लक्ष गेलं ते 1994 नंतर. मग मागणी एवढी वाढली की 2007 मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत गेला.

एवढा लवकर का? दोघांच्या पितृत्वात उत्तर आहे. क्लाउनची मादी ॲनिमोनशेजारच्या खडकावर शेकडो अंडी घालते, नर पंखांनी वारा घालत ती राखतो. साधारण आठवड्याने रात्री पिल्लं बाहेर पडतात आणि दहा-बारा दिवस प्रवाहाबरोबर वाहत जातात. एका जागचे मासे संपले तरी दुसरीकडून नवे येऊ शकतात. बांगाईचा नर काही डझन अंडी तोंडात घेतो, सुमारे वीस दिवस. पिल्लं फुटल्यावरही आणखी दहाएक दिवस आत ठेवतो. ती बाहेर येतात तेव्हा आईबापासारखीच दिसतात आणि तिथेच राहतात. एका खाडीतले पकडून नेले की ती खाडी रिकामीच. माझ्या टाकीतला नर अंडी धरून होता, तेव्हा गळा फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले. आर्टेमिया, म्हणजे खाद्य म्हणून घातलेली बारीक कोळंबी, नाकासमोरून वाहत गेली तरी त्याने तोंड उघडलं नाही.

त्याआधी एका दुकानातून मी 'हॅचरीतले', म्हणजे पैदास केंद्रात जन्मलेले, म्हणून दोन बांगाई आणले होते. पोट खपाटीला गेलेलं, पेलेट्सकडे, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांकडे, बघेनात. पंधरा दिवसांत दोन्ही गेले. ते समुद्रातून पकडलेले होते, असं मला आजही वाटतं. क्लाउनचं प्रजनन आता सर्रास होतं, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते यशस्वी केलं आहे. त्यामुळे टाकीत जन्मलेला क्लाउन मिळणं सोपं. बांगाई टाकीत जन्मल्याची खात्री नसेल तर घेऊच नका.

स्वभावाने बांगाई शांत आणि सावकाश खाणारा. क्लाउनची मादी वयात आली की टाकीत घातलेल्या हातालाही चावते. पण क्लाउन वीस वर्षंही जगतो, बांगाई चार-पाच. शाळकरी मुलासाठी घेत असाल तर तो कॉलेजला गेल्यावर बघणार कोण, हे घरात आधी बोलून घ्या.

बडोद्याचा मे महिना दोघांनाही सारखाच जड. पाणी 25-26 अंशांवर हवं. पंखा लावलात तर बाष्पीभवनाने पाणी खारट होतं, उडालेलं पाणी रोज साध्या आरओ पाण्याने भरून काढा, मिठाच्या नव्हे. आणि कुणी जिवंत प्रवाळ किंवा समुद्री घोडा देऊ केला तर स्पष्ट नाही म्हणा. वन्यजीव कायद्याने दोन्ही संरक्षित आहेत.

दुकानात पैसे देण्याआधी माशाला समोर खायला घालायला सांगा. धावत येऊन पेलेट गिळला तर पिशवी बांधून घ्या. खाल्लं नाही तर पुढच्या रविवारी परत जा.