जुनी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय (पाचवी पिढी): पैसे कुठे जातात

ही गाडी बघायला जाताना सोबत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आणि टी३० टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराचं पान्याचं टोक) असू द्या. विकणारा सर्व्हिसची बिलं दाखवेल, नवे टायर दाखवेल. पण या इंजिनाची तब्येत कळते ती हाय प्रेशर फ्युएल पंपाचे तीन बोल्ट सोडल्यावर.

२००४ साली आलेल्या या जीटीआयमध्ये २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे: २०० पीएस, २८० न्यूटन मीटर. १८०० आरपीएमपासून ओढ लागते आणि मागच्या मल्टिलिंक सस्पेन्शनमुळे वळणात गाडी ठाम राहते. चालवण्याबद्दल तक्रारच नाही. तक्रारी सगळ्या बोनेटखाली.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी म्हणजे कॅम फॉलोअर. इनटेक कॅमशाफ्ट म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याच्यावरचा तीन कोपऱ्यांचा लोब (उंचवटा) हाय प्रेशर फ्युएल पंपाला दाबतो. दोघांच्या मध्ये शिंप्याच्या अंगुस्तानापेक्षा जरा मोठी अशी एक पोलादी टोपी असते, तोच फॉलोअर. त्याच्यावर काळं कठीण कोटिंग असतं. ते घासून गेलं की पोलाद उघडं पडतं, मग भोक पडतं, मग लोब थेट पंपाच्या दांड्याला खाऊ लागतो आणि धातूचा चुरा ऑइलमध्ये फिरतो. फॉलोअर स्वस्त, बदलायला तासभरही लागत नाही. दुर्लक्ष केलं तर मात्र पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही नवे, शिवाय त्या कामासाठी टायमिंग बेल्टही उतरवावा लागतो.

तपासणी थंड इंजिनावर करा. टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. तरी पाइप सोडताना फडकं धरा. पंप काढला की चुंबकाने फॉलोअर बाहेर येतो. वरचा भाग सगळा काळा असेल तर उत्तम. मधे चकचकीत चकती दिसत असेल तर नवा घाला आणि कॅमचा लोबही टॉर्च मारून बघा. परत बसवताना लोबचा उंच कोपरा पंपाकडे नसेल अशा बेताने इंजिन हाताने फिरवून घ्या. नाहीतर स्प्रिंगच्या जोराविरुद्ध बोल्ट ओढले जातात आणि हेडमधले आटे जातात. पुढे दर १५ ते २० हजार किलोमीटरला हे बघत राहायचं. ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ किंवा ५०४ मानकाचंच हवं.

पिकअप कमी आणि स्कॅनरवर पी०२९९ (टर्बोचं प्रेशर कमी पडतंय, असा कोड) असेल तर लगेच टर्बोचा निकाल लावू नका. आधी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचं जादा प्रेशर वळवणारा) काढा. सुरुवातीच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटतो; नंतरचा पिस्टनचा प्रकार टिकतो. तीन स्क्रूंचं काम, पण जागा इतकी अडचणीची की हाताची सालं निघतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर काढणारा) बिघडला तर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, डगमगतो, शिट्टीसारखा आवाज येतो आणि टर्बोचं प्रेशर क्रँककेसमध्ये शिरून सीलमधून ऑइल गळायला लागतं. पेट्रोल भरल्या भरल्या स्टार्ट व्हायला कुरकुरते? मग बहुधा एन८० व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), किरकोळ काम.

डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून त्यांच्यावर कार्बनचे थर चढतात. सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग आणि स्कॅनरवर पी०३०० (मिसिंगचाच कोड) दिसलं तर आधी कॉइल आणि प्लग तपासा. ते ठीक असतील तर इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ब्लास्टिंग करावं लागतं. यात मजुरीच जास्त. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी व्हॉल्व्ह साफ होत नाहीत. पेट्रोल तिथे पोचतच नाही तर त्यातलं औषध कसं पोचणार?

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला. मजुरी एकदाच पडते. काही देशांत २००८ च्या सुमारास बेल्टऐवजी चेनचं इंजिन आलं. त्यात हा फॉलोअरचा त्रास नाही, पण चेनचा टेन्शनर दगा देतो आणि तेव्हाही इंजिनाचं तेवढंच वाटोळं होतं.

सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचचा आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलायचंच, साधारण साडेपाच लिटर लागतं आणि लेव्हल ३५ ते ४५ अंश तापमानावरच बघतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसत असतील तर आधी ऑइल बदलून बघा. तरी थांबले नाहीत तर मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट), आणि ते खिशाला चांगलंच जड. मॅन्युअलमध्ये न्यूट्रलला खडखडाट होऊन क्लच दाबल्यावर थांबत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलचा (क्लचमागचं, धक्के शोषणारं दुहेरी चाक) संशय घ्या. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लचही बदला.

बाकी पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश, दाराच्या लॉकमधला मायक्रोस्विच, पुढच्या मडगार्डच्या आत ओलावा धरणाऱ्या फोममुळे लागणारा गंज: ही कामं मोठी नाहीत, पण एकाच महिन्यात निघाली तर टोचतात.

रीमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढतात पण वेग तेवढा वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. पोहोचाल तेव्हा बोनेट हाताला गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होतानाचा त्रास लपवायला ते आधीच तापवून ठेवलं आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. आणि पंप उघडू द्यायला विकणारा तयार नसेल तर कॅमशाफ्ट, पंप आणि बेल्टचा खर्च वजा करूनच भाव सांगा.