एफ ३३.३ की ६ए७१.४? मनोविकार रुग्णालयाच्या फाइलसाठी आयसीडी-१० आणि आयसीडी-११

तुमच्याकडे अजून आयसीडी-१०, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, चालू असेल आणि ११ वर जावं का असा विचार मनात घोळत असेल, तर एकच निदान समोर ठेवून दोन्ही ताडून बघा: पुन्हा पुन्हा उलटणारं तीव्र नैराश्य, सोबत भ्रम किंवा भास. १० मध्ये त्याचा कोड एफ ३३.३, ११ मध्ये ६ए७१.४. आमच्या छोट्या मनोविकार रुग्णालयात फायली, डिस्चार्ज समरी आणि विम्याचे कागद मी सांभाळतो. डॉक्टरांशी बोलून हा बदल आम्ही केला आहे. मोठ्या रुग्णालयांचं गणित वेगळं असू शकतं, हे आधीच सांगतो.

आयसीडी-१० ची बाजू कमकुवत नाही. १९९४ पासूनची सवय आहे. एफ ३३.३ म्हटलं की वॉर्डातल्या सिस्टरपासून टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना कळतं. सॉफ्टवेअरमध्ये तोच बसवलेला असतो आणि विम्याच्या अर्जावर आमच्याकडे तोच मागतात. आयसीडी-११ ला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली, १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली, तरी ६ए७१.४ हे अजून कुणाच्या जिभेवर रुळलेलं नाही. तिच्या कोडमध्ये इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं मुळी घेतलेलीच नाहीत, शून्य आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातले कागद संगणकावर चढवणाऱ्याला याची किंमत कळेल.

निदानाचा गाभा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. आधी किमान एकदा आजार येऊन गेलेला, मध्ये काही महिने मन ठीक, आणि मेनियाचा (अति उत्साहाच्या झटक्यांचा) इतिहास नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

माझं मत फिरलं ते एका अडचणीमुळे. आयसीडी-१० मध्ये भ्रम-भासांना जागा आहे ती फक्त तीव्र पायरीवर. समजा, एक बाई भरती झाल्या. जेवण बंद, झोप नाही, आणि एकच धोशा, ‘मी पाप केलंय, माझ्यामुळे घरादाराला शिक्षा होणार.’ एफ ३३.३, प्रश्नच नाही. उपचार होतात, त्या घरी जातात. पुढे ओपीडीत येतात तेव्हा दोन घास जेवतात, भाकरी थापतात, नातवाला शाळेत सोडतात. मन अजून उतरलेलंच आहे, पण पूर्वीइतकं नाही. शिक्षेची खात्री मात्र तशीच. आता कोड कोणता? ३३.३ ठेवला तर कागदावर बाई तिथेच अडकलेल्या दिसतात. ३३.१ लिहिला, म्हणजे मध्यम, तर त्यांचा भ्रमच फाइलमधून गायब होतो.

हे निव्वळ कागदी भांडण नाही. बाहेरून आमच्याकडे येणाऱ्या फायलींत मी हे वारंवार पाहतो: वर मध्यम नैराश्याचा कोड, खाली ओलांझापिन हे भ्रम-भासांवर दिलं जाणारं औषध, आणि ते कशासाठी याबद्दल एक शब्द नाही. औषधावरून निदान ताडायचं हे कोडिंग करणाऱ्याचं काम नव्हे, डॉक्टरांनी ते लिहिलेलं असावं लागतं. आणि ज्यांनी लिहायला हवं होतं ते डॉक्टर असतात दुसऱ्या गावी. पुढच्याला ते औषध जादा वाटलं आणि त्याने बंद केलं, तर आजार उलटायला वेळ लागत नाही.

आयसीडी-११ ने इथे सरळ एक खण वाढवला आहे. मध्यम नैराश्य, भ्रम-भासांसह: ६ए७१.२. तीव्रता एकीकडे मोजा, भ्रम-भास दुसरीकडे नोंदवा. बरं होण्याच्या वाटेवरही तेच. १० मध्ये एफ ३३.४ हा एकच कोड, ११ मध्ये अर्धवट उतार ६ए७१.६ आणि पूर्ण उतार ६ए७१.७. आत्महत्येचे विचार असतील तर एमबी२६.ए हा स्वतंत्र कोड जोडता येतो. १० मध्ये ते आर ४५.८ या गोळाबेरीज खणात जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क देतो. त्या बाईंनी उद्या फाइल मागितली, तर आपण किती सुधारलो हे त्यांना त्यात दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं. याच कायद्याचं तिसरं कलम आजार ठरवण्याच्या निकषांत आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख करतं, हेही लक्षात असू द्या.

पुण्या-नागपुरात बसून अमेरिकन चार्ट कोड करणाऱ्यांपुढे हा पर्याय नाही. तिथे आयसीडी-१०-सीएम ही १० ची अमेरिकन आवृत्तीच चालते. फक्त एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवा. डीएसएम-५ च्या (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या) नियमाने भ्रम-भास असले की तीव्रता कितीही असो, कोड ३३.३ पडतो. त्यामुळे तिकडच्या चार्टवर ३३.३ दिसला म्हणून रुग्ण तीव्र अवस्थेतच आहे असं धरून चालू नका. उताराची विभागणी मात्र तिथे ३३.४१ आणि ३३.४२ अशी केलेली आहे.

कोड कुठलाही घ्या, डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्याच: आधीचा आजार कधी आला होता, मध्ये किती काळ बरं होतं, भ्रम रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत, आणि मन ठीक असतानाही भ्रम-भास राहतात का. शेवटचं उत्तर ‘हो’ आलं तर निदानाचाच फेरविचार करावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा.

विम्याची भीती मलाही होती. प्रत्यक्षात दावा बहुतेक भरतीचा असतो, आणि भरतीच्या वेळी रुग्ण तीव्र अवस्थेत असतो, म्हणजे ६ए७१.४ आणि एफ ३३.३ तिथे जुळतात. दोन्ही वेगळे पडतात ते ओपीडीत, जिथे आमच्याकडे दावे क्वचितच असतात. म्हणून आम्ही फाइल ११ मध्ये ठेवतो आणि दाव्याच्या अर्जावर डॉक्टरांच्या सहीने १० चा कोड देतो. एका टीपीएने दोन कोड पाहून खुलासा मागवला होता; डॉक्टरांच्या दोन ओळींच्या पत्राने काम झालं. तुमच्याकडे ओपीडी फारशी नसेल आणि रुग्ण भरतीपुरतेच येत असतील, तर १० वर थांबलात तरी आज फारसं अडणार नाही. पाठपुराव्याला येणारे रुग्ण जास्त असतील, तर मी ११ घेईन.